सुपारी फुटल्यावर

मुबीननं हातोडी उचलली तेव्हा मी पैलवानाच्या चाकांकडे बघत होते. चाकं शांत होती, पेटीवरचा दिवा हिरवा होता आणि टेबलावर, नट-बोल्टांच्या डब्याशेजारी, रुमालावर एक अख्खी सुपारी ठेवलेली होती.

"झालं?" मुबीननं विचारलं.

"झालं," अभिनंदन म्हणाला आणि त्यानं लॅपटॉप मिटला.

हातोडी पडली. सुपारीच्या ठिकऱ्या झाल्या. ज्याच्या हाताला जो तुकडा लागला तो त्यानं तोंडात टाकला. आमच्या कॉलेजच्या हुक्केरी सरांनी टाकला, मुबीननं टाकला. अभिनंदननं त्यातल्या त्यात बरा तुकडा वेचून माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाला, "घे. आता सुटका नाही." मी हसले आणि तो तुरट तुकडा दाढेखाली धरला. त्या दिवशी पुण्याच्या त्या स्पर्धेच्या हॉलमध्ये माझ्याइतकं खुशीत दुसरं कुणी नसेल.

पैलवान म्हणजे आमचा रोबो. बसका, रुंद, दोन्ही हात पुढं काढून उभा राहिलेला, म्हणून मुबीननं त्याला हे नाव दिलं होतं. हातही त्यानंच केले होते. मुबीन शिकलगारच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या लोखंडाचंच काम, त्यामुळे वर्कशॉपमध्ये त्याला कुणी काही शिकवायला जात नसे. पैलवानाचं डोकं म्हणजे तळहाताएवढी एक काळी पेटी, कंट्रोलर. त्यात प्रोग्राम दोन तऱ्हांनी घालता यायचा. एक, नुसता चालवून बघायचा. बॅटरी आहे तोवर पेटीला तो आठवायचा, बॅटरी काढली की ती सगळं विसरायची आणि आधीचाच जुना प्रोग्राम घेऊन बसायची. दुसरी तऱ्हा म्हणजे कायमचा घालायचा. मग बॅटरी बदला नाहीतर आठवडाभर कपाटात ठेवा, बटण दाबलं की तोच सुरू. लॅपटॉपवर दोन्हींची बटणं शेजारी शेजारी होती.

आमच्यात पहिल्या तऱ्हेला 'बोलणी' म्हणत आणि दुसरीला 'सुपारी'. बोलणी काय, होतात आणि मोडतात. सुपारी फुटली की लग्न ठरलं. आधीच्या बॅचमधल्या कुणीतरी थट्टेनं हे सुरू केलं आणि आमच्यापर्यंत येता येता त्याचा रिवाज होऊन बसला. प्रोग्राम कायमचा घातला की खरोखरीची सुपारी फोडायची, सगळ्यांनी खायची आणि नंतर सामना होईपर्यंत कुणीही लॅपटॉप उघडायचा नाही. या शेवटच्या नियमाला तसंच कारण होतं. एका वर्षी ऐनवेळी कुणाला तरी सुधारणा सुचली आणि रोबो मैदानात जागच्या जागी भोवऱ्यासारखा फिरत राहिला. आणखी एक नियम म्हणजे ज्याचा प्रोग्राम त्यानं बटण दाबायचं नाही. त्यानं रोबोपाशी उभं राहून चाकं बघायची, बटण दुसऱ्यानं दाबायचं. वधूपित्यानं स्वतःच सुपारी फोडायची नसते, असं सर म्हणायचे. खरं खोटं कुणी तपासायला गेलं नाही.

तर त्या सकाळी प्रोग्राम माझा होता. म्हणून मी चाकांपाशी होते आणि बटण अभिनंदन आवटीच्या हाताखाली होतं.

तो आमचा कॅप्टन. इचलकरंजीत आमच्या घरापासून तीन गल्ल्या पलीकडे राहायचा आणि रविवारी हमखास आमच्या माडीवर यायचा. आम्ही दोघं जमिनीवर वायरींचा पसारा मांडून बसायचो आणि आई खालून जेवायला हाका मारून दमायची. अण्णांचा तर त्याच्यावर फार जीव. माझे अण्णा सुताचे व्यापारी, माणूस पारखून घेण्यात त्यांचा गावात लौकिक. अभिनंदनला त्यांनी एकदाच पारखला आणि कायमचा पास केला. उलट माझी कीर्ती घरात आणि कॉलेजात सारखीच होती. मी छत्री विसरते, डबा विसरते, एकदा तर रोबोची वायर कोल्हापूरच्या एसटीत विसरून आले होते. ती वायर आणायला अभिनंदन गेला होता. मुबीन मला चिडवायचा, की सुकन्या मगदूम हे नाव तरी तुला आठवतंय ना?

पण प्रोग्राम लिहिताना मी काही विसरत नसे. स्पर्धेत सामन्याचा पहिला भाग असा असतो की त्यात रोबोला कुणी हात लावायचा नाही, रिमोट धरायचा नाही. तो आपल्या अकलेनं धावतो. आमचा जुना प्रोग्राम अभिनंदनचा होता. पैलवान सरळ पुढं जायचा, जवळच्या टोपलीत एक चेंडू टाकायचा आणि देवळाबाहेरच्या पोलिसासारखा उभा राहायचा. त्यात चुकण्याजोगं काही नव्हतंच. माझा प्रोग्राम त्याला जमिनीवरच्या पांढऱ्या रेषेवरून पलीकडच्या टोपलीपर्यंत न्यायचा आणि तिथं तीन चेंडू टाकायचा. वळणावर तो क्वचित अडखळायचा, ते मी कबूल करते. पण गेला की असा डौलात जायचा, की शेजारच्या संघाची मुलं हातातली कामं टाकून बघायला यायची.

आदल्या दिवशी सरावाच्या मैदानावर नाडकर्णी मॅडमनी ते पाहिलं. त्या परीक्षक होत्या आणि पुण्यातल्या एका यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होत्या. पहिल्या भागातल्या सर्वोत्तम प्रोग्रामसाठी त्यांच्या कंपनीचं बक्षीस होतं, सहा महिने तिथं काम शिकायला मिळायचं. मिळालेल्यांना पुढं कंपनी ठेवूनच घेते, असं सगळे म्हणत. मॅडमनी मला बरंच खोदून विचारलं. वळणावर वेग का कमी केलास, उजेड बदलला तर रेष कशी दिसणार. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "छान आहे. पण मी अंतिम सामन्यात जे चालेल त्यालाच गुण देते. उद्या चालवून दाखव."

ते बक्षीस मला हवं होतं. हौस म्हणून नव्हे. आमच्या कॉलेजात नोकऱ्या द्यायला त्या वर्षी कुणी फिरकलं नव्हतं आणि जुलैपासून मी काकांच्या पतसंस्थेत कारकून म्हणून बसायचं, हे घरात ठरून गेलं होतं. अण्णांनी इतकंच कबूल केलं होतं, की पुण्याचं काही पक्कं झालं तर बघू. पतसंस्थेतल्या त्या खुर्चीची मला किती धास्ती वाटते हे मी एकट्या अभिनंदनला सांगितलं होतं. सांगताना रडलेही होते. तेव्हा त्यानं मला चहा पाजला होता आणि म्हणाला होता, की तुझा प्रोग्राम अंतिम सामन्यात चालणार, ही माझी जबाबदारी.

आणि अंतिम सामन्याच्या सकाळी त्यानं ती पार पाडली होती. बटण दाबल्यावर पैलवान तीन वेळा वाजला. आम्ही प्रत्येकानं आपल्या प्रोग्रामला वेगळा आवाज दिला होता, त्याच्या प्रोग्रामला एक लांब शिट्टी, माझ्याला तीन छोट्या. तीन छोट्या मी माझ्या कानांनी ऐकल्या. पैलवान सरावाच्या मैदानावर रेषेवरून गेला, वळला, चेंडू टाकले. मग सुपारी फुटली. मग नियमाप्रमाणे लॅपटॉप पिशवीत गेला.

सामन्याआधी मुबीननं नवी बॅटरी घातली. आम्ही पैलवानाला उचलून मैदानाच्या कडेला आणलं. समोर नाशिकचा संघ होता. गॅलरी भरलेली, ढोल वाजत होते. अभिनंदननं वाकून पैलवानाचं बटण दाबलं.

एक लांब शिट्टी वाजली.

ढोलांच्या आवाजात आपल्याला नीट ऐकू आलं नसेल असं मला वाटलं. पण ती शिट्टी मी वर्षभर ऐकत होते. बॅटरी बदलल्यावर पेटी जुनंच घेऊन बसली, म्हणजे सकाळी नुसती बोलणीच झाली होती. घाईत त्याचं बोट शेजारच्या बटणावर पडलं असणार, हाच पहिला विचार माझ्या मनात आला. मला त्याची कीव आली, हे आज सांगताना हसू येतं. अजून वेळ होता. पंचांची शिट्टी होण्याआधी कॅप्टननं हात वर केला तर दोन मिनिटं मिळतात, आणि मला तेवढी पुरली असती. लॅपटॉपची पिशवी माझ्या खांद्यालाच होती.

मी त्याच्या कानाशी जाऊन म्हणाले, "जुनाच लागलाय. हात वर कर."

तो समोर बघत होता.

"अभिनंदन, एकच शिट्टी आली. माझा लागला नाहीये."

"माहीत आहे मला," तो म्हणाला. "गप उभी राहा."

पंचांची शिट्टी झाली. पैलवान सरळ पुढं गेला, जवळच्या टोपलीत एक चेंडू टाकला आणि उभा राहिला.

पुढचा सामना मी पाहिला असं म्हणता येणार नाही. रिमोट अभिनंदनच्या हातात होता आणि तो चांगलाच खेळला असणार, कारण आम्ही जिंकलो. नाशिकच्या रोबोनं पहिल्याच भागात भिंतीला धडक देऊन स्वतःचा हात मोडून घेतला होता, तेही कामी आलं. सरांनी मला मिठी मारली. मुबीननं अभिनंदनला खांद्यावर घेतलं. अनोळखी मुलं येऊन माझा हात हलवत होती आणि "अभिनंदन, अभिनंदन" म्हणत होती, आणि प्रत्येक वेळी मला त्याचंच नाव ऐकू येत होतं.

नाडकर्णी मॅडम स्वतः आमच्या टेबलापाशी आल्या. त्यांच्या चेहऱ्यावर नाराजी दिसत होती. "कालचा तो प्रोग्राम का नाही चालवला? मी त्याचीच वाट बघत होते," त्या म्हणाल्या.

मी तोंड उघडायच्या आत अभिनंदन बोलला. इतक्या हळुवारपणे बोलला, की त्याचा आवाज ऐकून परक्या माणसालाही तो आवडावा.

"तिच्याकडून कायमचा घालायचा राहून गेला, मॅडम. नुसता चालवून बघितला आणि विसरली. सामन्याची गडबड, होतं असं."

मी म्हणाले, "मी विसरले नाही. बटण यानं दाबलं होतं."

"असू दे गं," त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "कुणी तुला बोलतंय का?"

माझा आवाज चढला असणार, कारण शेजारच्या टेबलावरचे लोक वळून बघायला लागले. मी मुबीनकडे वळले. तू तिथंच होतास, तूच विचारलंस झालं का म्हणून, सांग मॅडमना. मुबीन पान्यावरचं ग्रीस पुसत होता. पुसून झालेला पाना त्यानं पुन्हा पुसला.

"सुपारी मी फोडली, मॅडम," तो म्हणाला. "लॅपटॉपमधलं मला काय कळत नाही."

मॅडमना सुपारी काय ते कळलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही. हुक्केरी सर मधे पडले. आज आनंदाचा दिवस आहे, आता हे उगाळत बसू नका, म्हणाले. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मला चाललं असतं, पण ती समजूतदार होती. "हुशार आहेस," त्या म्हणाल्या. "पण यंत्राच्या कामात विसरून चालत नाही. शिकशील." आणि त्या गेल्या.

बक्षीस-समारंभात आम्हाला ढाल मिळाली. मग पहिल्या भागातल्या सर्वोत्तम प्रोग्रामचं बक्षीस जाहीर झालं. अंतिम फेरीत न चुकता चाललेला एकच प्रोग्राम होता, तेव्हा दुसरं कुणाचं नाव येणं शक्यच नव्हतं. अभिनंदन आवटी मंचावर गेला, मॅडमनी त्याच्या हातात पाकीट दिलं. मी टाळ्या वाजवल्या. सगळे वाजवत होते आणि हात तसेच ठेवायला मला धीर झाला नाही.

परतीला कॉलेजची गाडी सातारच्या अलीकडे चहाला थांबली. उन्हं कलली होती. सगळे उतरले, मी गाडीतच बसून राहिले. मुबीन दोन कप घेऊन वर चढला आणि माझ्या पुढच्या सीटवर उलटा बसला.

"सकाळी नाष्ट्यालाच ठरलं होतं," तो म्हणाला. "सर म्हणाले, नवीन प्रोग्राम वळणावर फसला तर ढाल गेली. जुनाच राहू दे. सामना झाल्यावर तिला समजावू."

"मग मला तेव्हाच का नाही सांगितलं?"

"तू भांडली असतीस."

"आणि सुपारी? ती कशाला फोडलीस?"

त्यानं कपाकडे बघत उत्तर दिलं. "अभिनंदन म्हणाला, फोडली नाहीस तर तिला संशय येईल."

मला वाटतं, त्या सगळ्या दिवसातली हीच गोष्ट मला सर्वांत जास्त लागली. जुना प्रोग्राम चालवायचा निर्णय चुकीचा होता असंही मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. ढाल सगळ्यांची होती. पण माझ्यासाठी त्या तिघांनी मिळून एक खोटं लग्न लावलं होतं, मला नवरीसारखं उभं करून, आणि माझ्या हातावर तुकडा ठेवून मला तो खाताना बघितलं होतं. मुबीननं तोंडातल्या तोंडात माफी मागितली. मी त्याला खाली जायला सांगितलं आणि मग मीच खाली उतरले.

अभिनंदन टपरीच्या मागं, एकटाच, फोन खिशात ठेवत होता. मला बघून तो दचकला नाही. उलट बरं झालं आलीस, असा चेहरा केला.

"सरांनी ठरवलं हे समजू शकते मी," मी म्हणाले. "पण मॅडमना खोटं का सांगितलंस? मी विसरले म्हणून का सांगितलंस?"

"मग काय सांगायचं होतं? तुला फसवून जुना चालवला म्हणून? कॉलेजची काय अब्रू राहिली असती?"

"आणि बक्षीस? ते घेताना तुला काहीच वाटलं नाही?"

त्यानं रस्त्याकडे पाहिलं. उसाच्या गाड्या एकामागून एक चालल्या होत्या. मग तो जे बोलला त्यात त्याला खरंच काही वावगं वाटत नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन.

"तुझं तर पतसंस्थेत ठरलेलंच होतं की, सुकन्या," तो म्हणाला. "माझं कुठं काय ठरलं होतं?"

त्याच्यापाशी मी माझी भीती ठेवायला दिली होती आणि त्यानं ती माझ्या नावावरची इस्टेट म्हणून मोजली होती. आज इतकी वर्षं झाली, त्यानंतर चांगली माणसंही भेटली, पण कुणापाशी मन मोकळं करायची वेळ आली की माझी जीभ अजून अडते. तो पुढं काही समजुतीचं बोलत होता. मी त्याला तिथंच सोडून महामार्गाच्या कडेला गेले आणि अण्णांना फोन लावला.

मला फक्त त्यांचा आवाज ऐकायचा होता. माणूस पारखणारे माझे अण्णा. त्यांना एकदा सगळं सांगितलं की माझ्या बाजूनं जगात एक जण तरी उभा राहील, एवढीच माझी अपेक्षा होती. ते पुण्याला जाऊन कुणाशी भांडणार नव्हते, पण काकांना म्हणाले असते की पोरीचा हक्क होता, एक वर्ष थांबू, ती पुन्हा प्रयत्न करू दे.

त्यांनी पहिल्या घंटेलाच फोन उचलला. आवाज मऊ होता.

"जिंकलात म्हणे. बरं झालं."

"अण्णा, मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय."

"कळलं मला. आत्ताच अभिनंदनचा फोन येऊन गेला," ते म्हणाले. "तुझ्याकडून काहीतरी राहून गेलं म्हणे, म्हणून तुझं बक्षीस हुकलं. तिला घरात कुणी बोलू नका, ती आधीच खचलीय, असं चार-चारदा बजावलं त्यानं मला. केवढं मोठं मन त्या पोराचं."

मी त्यांना सगळं सांगितलं. नाष्ट्याला काय ठरलं, बटण कुणी दाबलं, मुबीन गाडीत काय म्हणाला, अभिनंदन टपरीमागं काय म्हणाला. ट्रक जात होते म्हणून मला ओरडून बोलावं लागत होतं, मधेच रडू येत होतं आणि वाक्यं मागं-पुढं होत होती. तरी मी काहीही गाळलं नाही. अण्णांनी मला एकदाही अडवलं नाही. माझं संपलं तेव्हा आणखी एक ट्रक गेला आणि फोन कट झाला असं मला वाटलं.

"अण्णा?"

"ऐकतोय," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, नुसतं वाईट वाटणं होतं. "चूक कुणाकडून होत नाही बाळ? झाली म्हणावं आणि मोकळं व्हावं. दुसऱ्याच्या अंगावर ढकलू नये."